कोरडवाहू शेती आणि बदलता पाऊस : अनुदान वस्तूला द्यायचे की जोखमीला?

बालाघाट (धागाकर्ता)

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे गावोगाव ज्याला नुसते ‘पोकरा’ म्हणतात, त्याचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी मंजूर झाला असून त्यावर सुमारे ६,००० कोटी रुपये खर्च व्हायचे आहेत. हा पैसा हवामान बदलाला तोंड देण्याच्या नावाने येतो आहे. तो कशावर खर्च व्हावा, याची चर्चा व्हावी, म्हणून हा धागा.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. सुमारे ८० टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले आहेत आणि राज्यातील लागवडीपैकी साधारण चार पंचमांश क्षेत्र पावसाच्या भरवशावर आहे. धोरण आखायचे ते या शेतकऱ्यासाठी. त्याच्याकडे तीन-साडेतीन एकर सोयाबीन-तूर असते, विहीर असलीच तर ती जानेवारीत तळ दाखवते आणि जूनमध्ये बियाण्याच्या पिशव्या बहुधा उधारीवर येतात.

पाऊस कमी झाला, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. आपल्याकडे त्याचा अनुभव असा, की पावसाचे दिवस कमी होतात, दोन पावसांमधला खंड लांबतो आणि मग महिन्याचा पाऊस दोन-तीन दिवसांत कोसळतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात पुराने पिके वाहून गेली. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तर सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि मांजरा खोऱ्यांतील शेतांची माती खरडून गेली. एकाच शेताला कोरडा आणि ओला असे दोन्ही दुष्काळ सोसावे लागत असतील, तर फक्त पाणी साठवण्याची किंवा फक्त पाण्याचा निचरा करण्याची योजना निम्म्याच संकटावर चालते.

पोकराचा पहिला टप्पा २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर सुरू झाला. मराठवाड्याचे आठ जिल्हे, विदर्भातील सहा आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती. त्याची रचना चांगली होती, हे मी मनापासून सांगतो. गावाची समिती, समूहनिहाय सूक्ष्म नियोजन आणि आयआयटी मुंबईच्या मदतीने तयार केलेला पाण्याचा ताळेबंद ही त्याची तीन अंगे होती. गावशिवारात पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला आणि पिकांना किती लागेल, याचा हिशेब गावपातळीवर मांडणारा एवढा मोठा सरकारी कार्यक्रम त्याआधी माझ्या पाहण्यात नाही.

अडचण पुढे येते. ताळेबंद गावाचा मांडला जातो, पण अर्ज एकेकट्या शेतकऱ्याचा असतो. ठिबक, तुषार संच, शेडनेट, शेततळे, मोटार या वस्तूंसाठी शेतकरी पोर्टलवर स्वतंत्र अर्ज करतो, पूर्वसंमती मिळाल्यावर स्वतःच्या खिशातून काम करतो, बिले चढवतो, तपासणी होते आणि मग अनुदान खात्यात जमा होते. थेट हस्तांतरामुळे मधली गळती आटोक्यात येते, हे मान्य. तरीही आधी पैसा घालण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्यालाच ही वाट खुली आहे आणि दोन एकरवाला कोरडवाहू शेतकरी त्या रांगेत मागे पडतो. कोणाला किती अनुदान मिळाले याची यादी मिळते, पण त्या साऱ्या वस्तूंनी मिळून गावाच्या ताळेबंदात भर पडली की तूट वाढली, हे विचारणारे कोणी उरत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की अनुदान वस्तूला मिळते, जोखमीला मिळत नाही. पेरणी वाया गेली तर दुसऱ्या पेरणीचे बियाणे, ऑगस्टात खंड पडला तर पीक जगवण्यापुरत्या एका संरक्षित पाण्याची सोय, सप्टेंबरात पाणी साचून शेत चिबडले तर पाणी काढून देणारा चर, या तीन गोष्टी लहान शेतकऱ्याला तारतात आणि यांपैकी एकही गोष्ट तो एकटा, स्वतःच्या बांधाच्या आत राहून, पुरती करू शकत नाही. म्हणून गावाचा ताळेबंद ग्रामसभेत वाचल्याशिवाय वैयक्तिक वस्तूंना मंजुरी देऊ नये आणि मंजुरीची मर्यादा त्या ताळेबंदाने ठरवावी, असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

पाणलोट

धागाकर्त्यांशी मी सहमत आहे आणि शेततळ्यांबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण या एका वस्तूच्या कथेत सगळे धोरण दिसते.

शेततळ्याची मूळ कल्पना निर्दोष आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. पाच सेंटिमीटरचे एक संरक्षित पाणी एका हेक्टरला द्यायला पाच लाख लिटर लागतात. म्हणजे भरलेल्या तळ्यातून ऑगस्टच्या खंडात दोन हेक्टरांना दोन पाणी देता येईल, अर्थात बाष्पीभवन आणि पाझर वजा जाता. यासाठी तळे शिवाराच्या उतारावर, ओघळीच्या वाटेवर हवे आणि ते पावसाच्या अपधावेने, म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याने, भरायला हवे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली तेव्हा उद्देश हाच होता.

प्रत्यक्षात फळबागांच्या पट्ट्यात अनेक तळी उताराचा विचार न करता उंच भराव घालून, प्लास्टिकचे अस्तर टाकून बांधली गेली आणि पावसाळ्यातच बोअरच्या पाण्याने भरून ठेवली गेली. जमिनीखालचे सर्वांचे पाणी वर आणून एकाच्या प्लास्टिकच्या कागदात बांधून ठेवायचे आणि उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर वाफ होऊ द्यायची, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडील बेसॉल्ट खडकात पाणी धरून ठेवण्याची जागा मुळात मर्यादित आहे. वरचा झिजलेला मुरमाड थर आणि खालच्या काही भेगा एवढाच साठा. एकाने खोल बोअर घेऊन तो उपसला की शेजारच्या विहिरीचे झरे बंद होतात. शेजारी बहुधा अल्पभूधारकच असतो. अशा ठिकाणी शेततळ्याचे अनुदान एका शेतकऱ्याची जोखीम कमी करते आणि तीच जोखीम दुसऱ्याच्या बांधावर नेऊन ठेवते.

कायदा नाही, असेही नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा असून तो २०१४ पासून लागू आहे आणि साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. ज्या तालुक्यांत दोनशे-तीनशे मीटरपर्यंत बोअर घेतल्या जातात तेथे या तरतुदीचे काय झाले, ते सांगायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने मात्र कायद्याची वाट न पाहता शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे ठरवले आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचे याचा निर्णय ग्रामसभेत घेतला. तेथे पाणी अडवण्याइतकाच पाणी वापरण्याचा नियम महत्त्वाचा ठरला. राज्याच्या जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेत अडवण्यावर भर होता आणि वापराचा नियम जवळपास नव्हता. २०२० च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजल पातळीवरील परिणामाबद्दल जे ताशेरे ओढले, त्याचे एक कारण मला येथे दिसते.

पूर्णाकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद वाचताना माझ्या भागाची बाजू मांडणे आवश्यक वाटले. मी अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यातला आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते पिकाला दिले तर माती घट्ट होते, निचरा बिघडतो आणि पुढच्या वर्षी पीक आणखी खाली जाते. येथे बोअर घेऊन तळे भरण्याचा मोह कोणाला होत नाही, कारण ते पाणी कामाचेच नाही. आम्हाला गोडे पाणी मिळते ते फक्त आभाळातून, त्यामुळे ओघळीवरचे साधे, अस्तर नसलेले शेततळे हेच आमच्याकडे हरभऱ्याच्या एका पाण्याचे साधन आहे.

म्हणून ‘शेततळे वाईट’ असा निष्कर्ष निघू नये, एवढी विनंती. तीच वस्तू एका तालुक्यात शेजाऱ्याचे पाणी ओढते आणि दुसऱ्या तालुक्यात जमीन वाचवते. राज्यभर एकच मापदंड, एकच खर्चमर्यादा आणि एकच उद्दिष्ट लावणारे धोरण या दोहोंतला फरक ओळखू शकत नाही. ताळेबंदाने मंजुरी ठरवण्याची सूचना मला म्हणूनच पटते. मात्र त्या ताळेबंदात पाण्याच्या प्रमाणाबरोबर त्याची क्षारताही धरली पाहिजे.

तिफण

मी कृषी विस्ताराच्या कामात उमेदीची वर्षे घालवली. चर्चा पाण्याच्या साठ्यावर चालली आहे. मी पेरणीबद्दल लिहितो, कारण लहान शेतकऱ्याचा पहिला फटका तेथे बसतो.

सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पाहून करावी, ही शिफारस सर्वांना पाठ आहे. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी करणारा माणूस अडाणी नसतो. त्याला ठाऊक असते, की ट्रॅक्टर भाड्याचा आहे आणि मालक आज आला नाही तर आठ दिवस येणार नाही. म्हणजे चुकीच्या वेळी झालेल्या पेरणीचे मूळ बऱ्याचदा अवजाराच्या उपलब्धतेत असते. गावात भाड्याने मिळणारी पेरणी यंत्रे पुरेशी असतील तर शेतकरी वाफशाची वाट पाहू शकतो. हे हवामान अनुकूलन आहे, पण आपल्या कागदांत त्याची गणना यांत्रिकीकरणात होते.

रुंद सरी वरंबा पद्धतीने, म्हणजे बीबीएफ यंत्राने पेरले तर पाऊस जास्त झाल्यास सरीतून पाणी निघून जाते आणि खंड पडल्यास वरंब्यात ओल टिकते. एकाच खर्चात दोन्ही संकटांवर उपाय देणाऱ्या फार थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक. बियाणेही कमी लागते. ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांच्यासाठी विदर्भात रुळलेली पट्टापेर आहे : सात दात्यांच्या साध्या पेरणी यंत्राचा एक दाता बंद करायचा, म्हणजे सहा ओळींनंतर सातवी ओळ रिकामी राहते, पुढे डवरणीच्या (उभ्या पिकातील आंतरमशागतीच्या) वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून त्या रिकाम्या ओळीत सरी ओढायची. वेगळा खर्च जवळपास शून्य. घरचे बियाणे असेल तर गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी आणि सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. या गोष्टींना अनुदान लागत नाही. बांधावर येऊन दाखवणारा माणूस लागतो आणि एकेका कर्मचाऱ्याकडे इतकी गावे व इतके ऑनलाइन काम असते, की नेमक्या जूनमध्ये तो बांधावर पोहोचू शकत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू झाली होती आणि ती तालुकापातळीवरचा कृषी सल्ला तयार करत होती. देशातील अशी १९९ केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. पाऊस दिवसेंदिवस लहरी होत असताना स्थानिक सल्ला देणारी यंत्रणा मोडीत काढणे मला समजण्यापलीकडचे वाटते.

बालाघाट

तिफण यांचे आभार. पट्टापेरीचे वर्णन आमच्या भागातील लोकांना छापून देण्यासारखे आहे.

जोखमीचा मुद्दा विम्याशिवाय पुरा होत नाही, म्हणून त्याबद्दल लिहितो. पंतप्रधान पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यावरच भरपाई मिळते ते उत्पादन, ठरवताना मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी धरतात आणि तिला जोखीमस्तराने, आपल्या राज्यात ७० टक्क्यांनी, गुणतात. समजा एखाद्या महसूल मंडळात सोयाबीनची ही सरासरी हेक्टरी १२ क्विंटल आहे. उंबरठा झाला ८.४ क्विंटल. यंदा मंडळाचे उत्पादन ९ क्विंटल आले, तर शेतकऱ्याचे तीन क्विंटल गेले तरी भरपाई शून्य. त्याहून गंभीर बाब अशी, की सातपैकी चार वर्षे वाईट गेली तर त्यांतली दोन वगळूनही दोन वाईट वर्षे सरासरीत उरतात आणि उंबरठाच खाली सरकतो. हवामान जसजसे बिघडते तसतसे विम्याचे माप आखूड होत जाते, ही या सूत्रातली खोट आहे.

राज्यात खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा होता. अर्जांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली, बोगस अर्जही निघाले, आणि खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली. शेतकऱ्याने खरिपात दोन टक्के हप्ता भरणे मला गैर वाटत नाही. पण त्याच निर्णयात पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही संरक्षणेही काढून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर आणली गेली आणि नेमक्या त्याच हंगामात सप्टेंबरचा महापूर आला. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपयांपर्यंतची कामे होती. मदत झाली, हे नाकारत नाही. तरी पॅकेज हा दरवेळी नव्याने घेतलेला राजकीय निर्णय असतो. शेतकऱ्याला जूनमध्ये पेरताना त्यावर विसंबता येत नाही. आधी ठरलेली, आपोआप लागू होणारी रक्कम लहान असली तरी तिच्या भरवशावर तो दुसऱ्या पेरणीचे बियाणे घेऊ शकतो.

वैशाखी

या सर्व चर्चेत शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला पुरुष, असे गृहीत धरले गेले आहे, म्हणून लिहिते. पेरणीपासून खुरपणी, कापणीपर्यंतचे बहुतांश काम बायका करतात, पण ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, विमा, ठिबक हे सगळे सातबाऱ्यावर उभे आहे. बटईने करणाऱ्यांचेही तेच. विमा योजनेत बटाईदाराला जागा आहे, परंतु नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो आणि कूळ लागेल, म्हणजे बटाईदार जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने मालक कागदावर सही करत नाही. पाऊस बटाईदाराचे पीक नेतो, भरपाई मालकाच्या खात्यात जाते.

लातूर आणि धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांसोबत ‘एक एकर मॉडेल’ रुजवले. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर तुकडा बाईने मागून घ्यायचा आणि त्यात कमी पाण्यावरची कडधान्ये, ज्वारी, भाजीपाला असे मिश्र पीक घ्यायचे, पहिला हक्क घरच्या ताटाचा. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. सोयाबीन बुडाले तरी घरात डाळ आणि भाजी राहते. जोखीम कमी करण्याचा हा स्वस्त मार्ग आहे, पण यात विकत घेण्याची मोठी वस्तू नसल्यामुळे तो अनुदानाच्या यादीत सहज बसत नाही. पोकराच्या दुसऱ्या टप्प्यात अशा तुकड्यासाठी बाईच्या नावाने, कुटुंबाच्या संमतिपत्रावर, बियाणे आणि कंपोस्टचा खर्च आगाऊ मिळावा, असे मी सुचवते.

पूर्णाकाठ

वैशाखीताईंच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. एक प्रश्न सर्वांना विचारतो. अतिवृष्टीसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटर ही मर्यादा महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर मोजली जाते. मंडळात डझनभर गावे असतात आणि आमच्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस होऊन मापक असलेल्या गावात वीस मिलिमीटर नोंद झाल्याचे आम्ही पाहिले आहे. गावाने स्वतःची नोंद ठेवली तर तिला काही अर्थ आहे का?

तिफण

शासकीय मदतीसाठी अधिकृत केंद्राचीच नोंद ग्राह्य धरतात, त्यामुळे गावच्या नोंदीच्या आधारे थेट दावा करता येत नाही. असे असले तरी ती ठेवावी. साधे काचेचे किंवा प्लास्टिकचे पर्जन्यमापक उघड्या जागी, झाड आणि भिंतीपासून दूर बसवावे, रोज सकाळी साडेआठला वाचावे, कारण हवामान खात्याचा पर्जन्यदिवस तेथेच बदलतो, आणि वहीत तारखेनिशी लिहून ग्रामपंचायतीत ठेवावे. पेरणीसाठी ७५ मिलिमीटर झाले की नाही, हे त्या वहीवरून ठरते. खंड नेमका किती दिवसांचा पडला ते कळते. पाण्याचा ताळेबंद मांडताना मंडळाच्या आकड्याऐवजी शिवाराचा आकडा हाताशी असतो. पंचनाम्याच्या मागणीचा ठराव करताना ही वही सोबत जोडावी. तलाठी आणि कृषी कर्मचारी यांना स्थळपाहणीसाठी बोलावण्याला तेवढा आधार मिळतो.

पाणलोट

याला जोडून एक व्यवहार्य गोष्ट सुचवतो. ज्यांच्या गावांचा समावेश दुसऱ्या टप्प्यात झाला आहे त्यांनी गावाच्या समितीकडे पाण्याच्या ताळेबंदाची प्रत मागावी आणि तीत उपशाचा आकडा कसा काढला ते पाहावे. पाऊस आणि अपधाव यांचा अंदाज मॉडेलमधून येतो, परंतु गावात चालू बोअर किती आणि दिवसाला किती तास मोटार चालते, हे गावालाच माहीत असते. तो आकडा खरा लिहिला गेला, तर नव्या मोटारीला आणि अस्तराच्या तळ्याला मंजुरी द्यायची की आधी नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती आणि निचऱ्याचे चर घ्यायचे, याचे उत्तर बऱ्याच गावांत त्या एका कागदावर मिळेल. प्रत मिळाल्यास, गावाचे नाव वगळून, तिच्यातील आकडे येथे लिहावेत. ते कसे वाचायचे, ते मी सविस्तर मांडतो.